वर-खाली एकसारखं

माझ्या नवऱ्याचे मामा नोकरीत असताना दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे. सोबत एक जड लाकडी पेटी असे, तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. दुकानदाराचं वजन एका पारड्यात, पेटीतलं दुसऱ्यात. काटा मधोमध उभा राहिला तर शिक्का, नाहीतर तराजू जप्त. निवृत्त होऊन जमाना झाला, तराजूही आता विजेवर चालतात, तरी गल्लीत त्यांचं नाव तराजूमामाच राहिलं. ज्या पोरांनी पारड्यांचा तराजू डोळ्यांनी पाहिलेला नाही तीही त्यांना तराजूमामा म्हणतात.

अशा नोकरीनं माणूस संशयी होतो. मामा झालेच होते. भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास नाही, औषधाच्या बाटलीवरच्या रेघांवर विश्वास नाही आणि शिंप्यानं घेतलेल्या मापावर तर मुळीच नाही. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणत, "मापात कोणी बसलं नाही." माझ्या मते मामाच कुणाच्या मापात बसले नसावेत, पण भाचेसुनेनं असं तोंडावर बोलायचं नसतं. त्यांच्या लेखी संशय घ्यायचा नाही अशी एकच वस्तू जगात होती, ती म्हणजे त्यांची स्वतःची पेटी.

ते राहतात दोन गल्ल्या पलीकडे, एका खोलीत. ती खोली झोपण्यापुरती. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, होत्या तेव्हापासून त्यांचं दोन्ही वेळचं ताट आमच्याकडे. सासूबाई गेल्या, ताट तसंच राहिलं. घरात खाली आम्ही दोघं, वर माझे थोरले दीर आणि जाऊबाई. स्वयंपाकघर मात्र एकच, खालचं. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशिवाय मामांना आपलं म्हणावं असं दुसरं काही नाही. हे त्यांना माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे आणि कोणी बोलून दाखवत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी कंप्युटर घेतला. त्यावर जी सिस्टिम आलेली होती तिनं एके दिवशी, मामा मन लावून काहीतरी टाइप करत असताना, मी आता बंद होऊन पुन्हा सुरू होते असं जाहीर केलं आणि खरंच बंद झाली. टाइप केलेलं सगळं गेलं. "माझ्या घरात? मला न विचारता?" मामा म्हणाले. त्या आठवड्यात ती सिस्टिम हद्दपार झाली आणि तिच्या जागी लिनक्स आलं. ते फुकट मिळतं याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. ते आतून उघडं असतं, ज्याला कळतं त्यानं उकलून बघावं, कोणाची मनाई नाही, हे त्यांना मनापासून पटलं. "ज्याचं आतलं दिसत नाही तो तराजू नव्हे, तो जादूचा खेळ," असं त्यांनी मला ऐकवलं आणि पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत राहिले.

मग ते नात्यागोत्याच्या मागे लागले. मामा येतायत म्हटलं की माझी एक चुलत नणंद लॅपटॉप पांघरुणाखाली सारायची. शिंप्याचा कंप्युटर त्यांनी असा बदलला की तो बिचारा आठवडाभर आपलेच फोटो शोधत होता. दाताच्या डॉक्टरकडं मामा दाढ दाखवायला गेले आणि तिथल्या बाईच्या कंप्युटरवर लिनक्स बसवूनच आले. दाढ तशीच राहिली.

मी संध्याकाळी शाळेतल्या मुलांना घरबसल्या गणित शिकवते. मुलं पडद्यावरच्या चौकटींत, मी टेबलाशी. माझा जुना कंप्युटर मामांच्या हाती लागणार हे ठरलेलंच होतं, तसा तो लागला. नेटचं खोकं माझ्याच खोलीत फळीवर आहे. बिनतारी जोडणी मामांना मंजूर नाही. "हवेतलं कोण तोलणार?" म्हणून खोक्यापासून माझ्या टेबलापर्यंत त्यांनी तार ओढली आणि पुढं सेटिंगमध्ये शिरले.

हे सेटिंगचं जरा सांगायला हवं. जोडलेल्या प्रत्येक कंप्युटरला एक पत्ता असतो, टिंबांनी तोडलेले चार आकडे. तो पत्ता एरवी नेटचं खोकंच वाटून देतं. सेटिंगमध्ये तिथं 'आपोआप' असं निवडलेलं असतं आणि शहाणी माणसं त्याला हात लावत नाहीत. मामांनी लावला. "आपोआप म्हणजे कुणाच्या तरी मर्जीनं. आज हा देईल, उद्या तो देईल." त्यांनी स्वतः एक पत्ता ठरवला, हातानं भरला, तीन-तीनदा वाचला. आणि खोटं कशाला बोला, माझं नेट झकास चालायचं.

पुढं जाऊबाईंनी घरून काम धरलं. डॉक्टर लोक रोग्याविषयी तोंडी बोलून ठेवतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि त्याचा रिपोर्ट टाइप करून वेळेत पाठवायचा. त्यांच्यासाठी कंप्युटर आला तेव्हा मामांनी तो पहिल्यापासून बसवला नाही. माझ्या कंप्युटरची अख्खी डिस्क त्यांनी जशीच्या तशी उतरवून वरच्या कंप्युटरमध्ये घातली. माझं पारखून झालेलं होतं ना. पारखलेल्या वजनावरून दुसरं वजन पाडावं तसं हे. काम झाल्यावर हात चोळत खाली आले. "वर-खाली एकसारखं! एका केसाचा फरक नाही." जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

जाऊबाईंचं काम सकाळचं, माझं संध्याकाळचं. त्यामुळे बरेच दिवस काहीच झालं नाही. मग त्यांच्या कंपनीनं त्यांना संध्याकाळची पाळी दिली आणि आमच्या घराला दृष्ट लागली.

मी अपूर्णांक समजावत असताना चौकटीतली मुलं तोंड उघडं टाकून गोठायची. वर जाऊबाईंचा रिपोर्ट जाता जाता अडकायचा. पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह मात्र साळसूदपणे 'जोडलेलं आहे' असंच सांगत असायचं. मधेच सगळं सुरळीत व्हायचं, पुन्हा जायचं.

"खाली कोणी तार-बीर ओढतं का गं?" जाऊबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते साध्या आवाजात.

"नाही हो वहिनी. वर काही मोठं उतरवताय का, सिनेमा वगैरे?" मीही साध्या आवाजातच विचारलं.

त्यानंतर दोघींचा आवाज साधा राहिला नाही. मी शिकवायला बसले की आपलं नेट जातं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी वर कंप्युटर लावला की माझं जातं हे माझ्या लक्षात आलं होतं. खोकं माझ्या खोलीत, म्हणजे चावी माझ्या हातात, असं त्या धरून चालल्या. वर बसून त्या मुद्दाम काहीतरी उतरवत राहतात, असं मी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल, असं माझा नवरा म्हणाला. रोज संध्याकाळी त्याच फांदीवर कावळा कसा बसतो, असं मी त्याला विचारल्यावर तो वर्तमानपत्रात शिरला. दोघी जे बघत होतो ते बरोबर होतं. त्यावरून जे काढत होतो ते साफ चूक. पण हे आज सांगणं सोपं आहे.

मामांना बोलावलं. ते तर वाटच बघत होते. गळ्यात तारेचं वेटोळं, खिशात पेचकस. काळी खिडकी उघडून हुकूम टाइप करायचे आणि पडद्यावर उत्तराच्या ओळी उमटतात का ते बघायचे. त्यांची पद्धत ठरलेली. आधी घरातल्या खोक्याला हाक मारायची, मग बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला आकड्यानं, मग त्यालाच नावानं. "आधी उंबरा, मग गल्ली, मग गाव. जिथं उत्तर थांबलं तिथं दुखणं." उत्तर उंबऱ्यालाच अडखळत होतं. दहा ओळी यायच्या, मग शांतता, मग पुन्हा ओळी. म्हणजे दुखणं घरातच होतं.

मग सुरू झालं रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तारा बदलल्या. खोकं बदलून आणलं. उंदीर आहेत म्हणून जिन्याखाली पिंजरा लावला. त्यात माझी चप्पल अडकली. भिंतीतून जाणारी तार उकरून पाहिली, तिथला गिलावा अजून पडतोय. सेटिंगही तपासली, तपासली नाही असं नाही. माझ्या पडद्यावरचे आकडे घोकत ते जिना चढायचे, वरच्या पडद्याशी चष्मा नेऊन एकेक आकडा जुळवायचे, आणि समाधानानं खाली यायचे. "सेटिंग अगदी बरोबर आहे. खालच्यासारखीच."

आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, सारख्या निघाल्या तर खऱ्या. दुसरा कोणी असता तर ते सारखेपण बघून चमकला असता. मामा ते बघून निश्चिंत व्हायचे.

एका संध्याकाळी जाऊबाईंचा रिपोर्ट पुन्हा अडकला आणि कंपनीनं निर्वाणीचं कळवलं की आता आणखी एकदा असं झालं तर काम बंद. त्याच संध्याकाळी माझ्या दोन मुलांच्या आयांनी शिकवणी सोडली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर आलो. मामा ताटावर बसलेले होते.

"माझ्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळणार आहे?" जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्हाला माझं चाललेलं बघवत नाही, वहिनी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघतेय मी."

"आणि तुला हे घर एकटीचं करायचंय. तू उंबऱ्यात पाऊल टाकलंस तेव्हाच कळलं होतं मला."

दोघे भाऊ मूग गिळून बसले. त्यांचं तसं बरंच चांगलं जमतं, दोघांनाही न बोलता बसता येतं. मामांचा हात घासाशीच थांबला होता.

काही दिवसांनी दिरांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या बघितल्या. पहिल्या तारखेपासून राहायला जायचं ठरलं. जाऊबाई मामांना म्हणाल्या, "तुमचं ताट तिकडं असेल, मामा." मी लगेच म्हणाले, "मामा इथंच जेवतात, इथंच जेवतील." दोघींनी इतक्या आग्रहानं बोलावल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मामांनी ताट सरकवलं आणि भूक नाही म्हणून उठून गेले. मला त्यांची दया आली, पण माघार घेण्याइतकी नाही.

पुढचं मामांनी मला नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत आहे.

जाऊबाई नवी जागा झाडून घ्यायला गेल्या होत्या, मी बाजारात. टळटळीत दुपार, घरात मामा एकटे. त्यांनी माझा कंप्युटर बंद केला, त्याची तार उपटून जमिनीवर टाकली, वर जाऊन जाऊबाईंचा लावला. उंबरा, गल्ली, गाव, तिन्हीकडून उत्तरं धो धो आली. म्हणजे माझा कंप्युटर असला की वरच्याचं बिनसतं हे खरं. आता माझा पुरता तुटलाय ना, एवढी खात्री करावी म्हणून त्यांनी वरून माझ्या कंप्युटरच्या पत्त्याला हाक मारली. पत्ता तोंडपाठ होता. उत्तर येणार नव्हतंच.

उत्तर आलं. नुसतं आलं नाही, खोक्यापेक्षाही लवकर आलं, ओळीवर ओळ.

मामा खाली धावले. माझा कंप्युटर बंद, तार फरशीवर. वर गेले. ओळी येतच होत्या. "मी घाबरलो गं," त्यांनी सांगितलं. भुताखेतावर त्यांचा विश्वास नाही, पण विश्वास नसला तरी घाबरता येतंच. ते पुन्हा एकदा खाली-वर करून आले, खुर्चीत बसले, आणि मग त्यांना कळलं. ज्याला ते हाक मारत होते त्याच्याच पुढ्यात ते बसले होते. वरचा कंप्युटरच माझ्या पत्त्यावर ओ देत होता. डिस्क जशीच्या तशी उतरवली तेव्हा पत्ताही जसाच्या तसा उतरला होता. एक पत्ता, दोन कंप्युटर. दोन्ही चालू असले की खोकं कधी हिचं पत्र तिला देणार, कधी तिचं हिला.

वरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा त्यांनी बदलला. खालचा कंप्युटर सुरू केला. दोन्हीकडं हाका मारून पाहिल्या. काम झालं होतं. मोठा बिघाड असा एका बोटानं जातो तेव्हा माणसाला आनंद व्हायला हवा. मामा तिथंच बसून राहिले. शेकडो दुकानदारांना त्यांनी तोंडावर खोटं ठरवलं होतं. पेटी खोटी निघाली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "बघितलं जरा. होईल आता नीट."

आणि झालं. त्या दिवशी माझी सगळी मुलं शेवटपर्यंत हलती-बोलती राहिली. वर जाऊबाईंचे रिपोर्ट वेळेत गेले. आता भांडणाचं कारण संपलं, तेव्हा भांडणही संपावं, असा मामांचा हिशेब होता. तो कागदावर बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता मी त्यांना हळूच म्हणाले, "बरं झालं मामा, तुम्ही तिला बोललात ते. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकलं नसतं तिनं."

"मी कोणाला काही बोललो नाही," मामा म्हणाले.

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात, तुम्ही कशाला सांगाल."

थोड्या वेळानं ते वर गेले तर जिन्यात जाऊबाईंनी गाठलं. "शेवटी तुम्हीच तिला धाक घातलात, मामा. कशी सुतासारखी सरळ आली बघा."

आजवर आम्हा दोघींकडं नुसता संशय होता. आता पुरावा मिळाला. मामांनी कान उपटले आणि त्याच दिवशी खोडी थांबली, याहून आणखी काय हवं? चोर सापडला होता, जिला तिला आपापला. बोलणं तर आधीच बंद होतं, आता एकमेकींकडं बघणंही बंद झालं. सामानाची बांधाबांध जोरात सुरू झाली. मामा रोज यायचे, मदत करायचे, आणि त्यांचं जेवण चिमणीसारखं झालं होतं. तब्येत बरी नाही का, असं मी विचारलंही. ते म्हणाले, बरी आहे.

निघायच्या दिवशी सकाळीच टेम्पो दारात लागला. पलंग चढला, कपाट चढलं. मामा आले ते सरळ वर गेले आणि दुलईत गुंडाळलेला जाऊबाईंचा कंप्युटर उलगडून खाली घेऊन आले. माझ्या टेबलावर, माझ्या कंप्युटरशेजारी ठेवला, दोन्हीच्या तारा खोक्यात घातल्या.

"मामा, टेम्पो उभा आहे," दीर म्हणाले.

"राहू दे उभा. दोघींना बोलवा."

आम्ही आलो, टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहिलो. मामांनी दोन्ही पडद्यांवर सेटिंगचं पान उघडलं.

"हा हिचा पत्ता. हा तुझा. आज वेगळे आहेत. आता बघा." त्यांनी वरच्या कंप्युटरचा शेवटचा आकडा पुन्हा होता तसा केला. "सुरुवातीपासून असे होते. एक." दोन्ही काळ्या खिडक्या उघडून त्यांनी खोक्याला हाका मारल्या. एका पडद्यावर ओळी धावायला लागल्या, दुसरा गप्प. मग दुसऱ्यावर सुरू झाल्या, पहिला थांबला. पुन्हा उलट. आम्ही दोघी बघत होतो. हात कोणाचाच लागत नव्हता.

"म्हणजे एकाच नंबरच्या खुर्चीचं तिकीट दोघींना दिलेलं," जाऊबाई म्हणाल्या.

"हो. मी दिलेलं." मामा कोणाकडंच बघत नव्हते. "तू तार ओढली नाहीस. हिनं काही उतरवलं नाही. मी डिस्क उतरवली, आणि आकडे सारखे बघून खूश होत राहिलो."

मग जाऊबाईंनी जो प्रश्न विचारला तो मला सुचला नव्हता.

"तुम्हाला कधी कळलं, मामा?"

"नेट नीट झालं त्या दिवशी."

"त्या दिवशी." जाऊबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "आणि त्यानंतर आम्ही खोकी बांधत होतो, तर तुम्ही सुतळी धरत होतात. गाठीवर बोट ठेवून."

मामांनी मान हलवली.

मग ते म्हणाले, "आमच्या खात्यात नियम होता. तपासनिसाचंच वजन खोटं निघालं तर त्या वजनानं जे जे तपासलं ते रद्द. शिक्के खरवडायचे, प्रत्येक दुकानात परत जायचं, परत तोलायचं. तुम्ही दोघींनी एकमेकींविषयी जे ठरवलंत ते माझ्या वजनानं ठरवलंत. ते रद्द धरा. परत तोला. मग जायचं तर जा."

"ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचं बोलली, मामा," जाऊबाई म्हणाल्या. "तेव्हा कुठं होतं नेट?"

"रागात बोलले मी," मी म्हणाले.

"रागातच खरं बोलतात."

"मग तुम्हीही खरंच बोललात."

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "तेव्हा तसंच वाटत होतं."

"आता?"

"आता मला ह्यांचा राग आलाय." त्यांनी मामांकडं बोट केलं. "तुझ्यासाठी उरला नाही सध्या."

मलाही तसाच राग आला होता. माझा तर हळूहळू चढत होता. त्या गिलाव्याचा, पिंजऱ्यातल्या चपलेचा, 'मोठ्या मनाचे आहात' असं मी म्हणाले त्याचा, सगळ्याचा.

बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "ताई, उरलेलं चढवायचं ना?"

कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "चहा टाकते," मी म्हणाले. "त्यालाही विचारा." जाऊबाई माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि कप काढायला लागल्या. बांधलेल्या खोक्यातले नाहीत, फळीवरचे. चहा होईपर्यंत आम्ही दोघींनी मामांची जी उजळणी केली ती त्यांना बाहेर ऐकू जात होती. ऐकू जावी अशाच आवाजात केली. चहा पिऊन होतो न होतो तोच दीर उठले आणि कोणाला काही न विचारता टेम्पोतलं कपाट उतरवायला लागले. माझा नवरा दुसऱ्या टोकाला लागला.

आता आम्ही दोघी चांगल्या आहोत असं म्हणणार नाही. घरोघरी मातीच्या चुली. पण बोलतो, आणि भांडण आलं तर तोंडावर करतो. मामांशी मात्र दोघींनीही बोलणं टाकलं. जाऊबाई त्यांचं ताट वाढायच्या, समोर ठेवायच्या आणि माझ्याकडं वळून माझ्याशी बोलायच्या. मीही तेच करायची. मामा जेवायचे. पूर्वीसारखे दोन्ही वेळ यायचे, भूक परत आली होती. आम्ही दोघी त्यांच्या डोक्यावरून गप्पा मारायचो आणि ते खाली मान घालून ऐकत राहायचे. एकदा माझा नवरा म्हणाला, आता पुरे करा, म्हातारा माणूस आहे. मामाच त्याला म्हणाले, "चाललंय ते बरं चाललंय."

आणि जेवण झालं की ते निघायचे. जिथं जिथं त्यांनी स्वतः ठरवलेला पत्ता हातानं भरला होता तिथं तिथं ते गेले. चुलत नणंदेकडं, शिंप्याकडं, दाताच्या डॉक्टरकडं. तिथं एकेकच कंप्युटर; भांडायला दुसरा नव्हताच, काही बिघडलंही नव्हतं. तरी मामांनी प्रत्येक ठिकाणी 'आपोआप' करून दिलं. काय चुकलं होतं, असं शिंप्यानं विचारलं तर म्हणाले, "माझं." शिंप्याला वाटलं, त्यांचं माप चुकलं. त्यानं नवं घेतलं.

परवा संध्याकाळी मी शिकवायला बसणार तोच नेट गेलं. मामा मागं टेबलाशी पाणी पीत होते. राग-बिग विसरून मी सवयीनं म्हणाले, "मामा, बघता का जरा?"

ते उठून आले. फळीवरच्या खोक्यातून माझी तार अर्धी निघून लोंबत होती. झाडताना धक्का लागला असावा. आंधळ्यालाही दिसली असती. मामांना दिसली, कारण त्यांचा हात वर गेला. मग तो हात त्यांनी खिशात घातला.

"मला नाही गं कळत त्यातलं," तराजूमामा म्हणाले. "वर विचार."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते पुन्हा पाण्याच्या भांड्याशी जाऊन बसले होते. मी तारेला हात लावला नाही. जिना चढून वर गेले.